सुपातलं औषध

राजलिंगम चौदा वर्षं मस्कतला काढून कायमचा घरी आला, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांना वाटलं होतं की आता त्याच्या बायकोच्या, सत्तव्वाच्या, कौलारू घराचा बंगला होणार. बंगला काही झाला नाही. सहा महिन्यांत त्या घरात नवीन म्हणून जे काय आलं, ते मांजराचं एक पिल्लू. तेसुद्धा मस्कतचं नव्हे, गावच्याच हनुमंताच्या देवळामागच्या कडब्याच्या गंजीतलं. त्याची आई ट्रॅक्टरखाली गेली होती आणि राजलिंगमनं ते सदऱ्याच्या खिशात घालून घरी आणलं होतं. शेजारची बालमणी विड्या वळता वळता आपल्या या मानलेल्या वहिनीला म्हणायची, "वदिना, लोकांचे नवरे तिकडून सोनं आणतात. तुझ्या नवऱ्यानं मिशा आणल्या."

सत्तव्वा हसायची आणि पुढचं पान कापायची. गोष्ट हसण्यावारी नेण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. पण तिचं खरं दुखणं निराळं होतं, आणि ते बालमणीला सांगण्यासारखं नव्हतं. बालमणीला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत ताडीच्या झाडांखाली प्यायला बसणाऱ्या पुरुषांत पोचायची.

दुखणं असं की नवरा घरात होता आणि घरात नव्हता. चौदा वर्षं तो दर दोन वर्षांनी दोन महिने यायचा, आणि पाहुण्याशी कसं वागायचं ते तिला चांगलं जमलं होतं. कोंबडी कापायची, ठेवणीतली साडी नेसायची, जायच्या दिवशी डोळ्याला पदर लावायचा. आता पाहुणा जातच नव्हता. तो तिकडं असताना दर शुक्रवारी फोनवर बोलणं व्हायचं, आणि तेव्हा बोलायला विषय होते. लेकीची, मौनिकाची शाळा, मौनिकाचं लग्न, गळकं छप्पर. मौनिका आता निर्मल गावी नांदत होती, छप्पर गळायचं थांबलं होतं, आणि विषय संपले होते. तो जेवायचा, 'झालं' म्हणायचा आणि ओट्यावर जाऊन बसायचा. लोखंडी सळ्या बांधून बांधून त्याची बोटं वाकडी झाली होती, ती मांडीवर पसरून बघत राहायचा. तिला वाटायचं, घरभर तंबाखूचा वास असतो म्हणून हा आत टेकत नाही. तिनं एकदा विचारलंही. "तसं काही नाही," म्हणाला. एवढ्यावर समाधान मानायला ती काय खुळी होती?

मग बुज्जी आली आणि ओट्यावरून आवाज यायला लागला. बुज्जी हे त्यानंच ठेवलेलं नाव. गावात सगळ्याच लहान पोरींना लाडानं बुज्जी म्हणतात, त्यानं मांजराला म्हटलं. राखाडी अंग, चारही पाय पांढरे, आणि सगळी मिळून तळहातावर मावेल एवढी. तिला मांडीवर घेऊन हा माणूस तासन्‌तास बोलायचा. सत्तव्वा आतल्या खोलीत मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन बसलेली असायची. पान कापायची कात्री ती हळूहळू चालवायला लागली, आवाज होऊ नये म्हणून.

"तुझ्यासारखीच एक होती तिकडं," तो बुज्जीला सांगायचा. "आमच्या खोल्यांच्या मागं, भटारखान्याशी. माझ्याच ताटातलं खायची. दुसऱ्या कुणी दिलं तर ढुंकून बघायची नाही, एवढा माज." कधी म्हणायचा, "उन्हाळ्यात सळई हातात धरवायची नाही बघ. आम्ही आधी तिच्यावर पाणी मारायचो." आणि एकदा, अगदी सहज, "दोन वर्षांपूर्वी मी दवाखान्यात पडलो होतो अकरा दिवस. छातीत पाणी झालं होतं. घरी नाही कळवलं. कळवून काय होणार?"

सत्तव्वाच्या हातातली विडी तशीच राहिली. अकरा दिवस! त्यातला एक शुक्रवार तिला चांगला आठवत होता. फोन आला नव्हता आणि तिनं इकडं बसून त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या होत्या. बायकोला जे कळलं नाही ते मांजराच्या पिल्लाला कळलं, याचा तिला राग आला, आणि रडूही आलं. पण निदान आता ते ऐकू तरी येत होतं. बुज्जी त्या घरात आहे तोवर नवऱ्याचा आवाज घरात आहे, एवढं तिनं ओळखलं. त्या दिवसापासून बुज्जीच्या वाटीतलं दूध ती पाणी न घालता द्यायला लागली.

श्रावण संपता संपता बुज्जी खाजवायला लागली. आधी कानामागं, मग पोटाला, मग बसल्या जागी गिरकी घेऊन शेपटीच्या बुडाला. तेंदूची पानं भिजवून ज्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, त्याच गोणपाटांच्या ढिगावर ती झोपायची. सत्तव्वाच्याही घोट्यांवर लाल पुरळ उठलं. राजलिंगमनं पोटावरचे केस फुंकरीनं बाजूला केले, तर आत काळे ठिपके सैरावैरा पळत होते.

"पिसवा," सत्तव्वा दारातून म्हणाली. "सगळ्याच मांजरांना असतात."

दोनचार दिवसांनी बुज्जी खाजवायची थांबली. बरं वाटलं म्हणून नव्हे, ताकदच राहिली नाही म्हणून. वाटीतलं दूध तसंच राहायला लागलं. हाक मारली की एक डोळा उघडायची आणि परत मिटायची. त्या रात्री राजलिंगमनं दोन घासांवर ताट सारलं. सकाळी उठून त्यानं धुतलेला सदरा घातला.

"मेटपल्लीला जातो. औषध आणतो," तो म्हणाला. मग वाकून बुज्जीच्या कपाळावरून बोट फिरवलं. "मी आलोच हं. दोनच्या बसनं येतो."

परत यायची वेळसुद्धा मांजराला सांगून गेला! सत्तव्वाला ते लागलं. खोटं कशाला बोला, चांगलंच लागलं. तो गेल्यावर ती सूप घेऊन बसली, पण हात चालेना. समोर बुज्जी निपचित पडलेली, आणि मांडीवर सूपभर तंबाखू. बघता बघता तिच्या मनात आलं, हा बसनं तालुक्याला गेला खरा, पण औषध तर इथं माझ्या सुपात आहे.

यात तिचा मूर्खपणा म्हणावा तर गल्लीतली प्रत्येक बाई मूर्ख ठरेल. जिथं घरोघर विड्या वळतात तिथं तंबाखू सगळ्यालाच लागते. कोंबडी अंड्यावर बसवताना पाटीत तंबाखूच्या काड्या घालतात, म्हणजे उवा होत नाहीत. सत्तव्वाच्या आईनं गोचिडांनी भरलेलं रेडकू तंबाखूच्या पाण्यानं धुतलेलं तिनं स्वतः पाहिलं होतं, आणि ते रेडकू पुढं चांगली सात वेतं व्यालेली म्हैस झालं. मग मांजराला काय होतंय? दोनच्या बसनं तो येईल, आणि बुज्जी स्वच्छ, कोरडी, दाराशी बसलेली असेल. तो विचारेल, हे कुणी केलं? त्याला तिच्याकडं बघून विचारावं लागेल. एवढ्याचसाठी तिनं मूठभर तंबाखू पाण्यात उकळायला टाकली.

पाणी चहासारखं लाल झालं. ते निववून, कोपर बुडवून बघून, तिनं बुज्जीला त्यात बसवलं आणि ओंजळीनं पाणी घातलं. पिसवा खरोखरच पडल्या. पाण्यावर काळी मोहरी तरंगावी तशा तरंगायला लागल्या. सत्तव्वा मोठ्यानं हसली. कितीतरी महिन्यांनी एवढी खुशीत येऊन तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बुज्जीला गुंडाळलं आणि चुलीच्या उबेला ठेवलं. बुज्जी अंग चाटायला लागली. सत्तव्वाला वाटलं, हुशारी आली.

पहिली लाळ गळली तेव्हा तिनं पदरानं पुसली. मग फेस आला. मान डुगडुगायला लागली, पोट आत ओढून बुज्जीनं ओकारी काढली आणि उभी राहायला गेली ती कुशीवर पडली. चारी पाय थरथरत होते.

सत्तव्वा जागच्या जागी थिजली. हे तिनं आधी पाहिलं होतं. पाहिलं कसलं, भोगलं होतं. बारा वर्षांची असताना पहिल्यांदा आईशेजारी सूप घेऊन बसली, तेव्हा दुपारपर्यंत तिचं डोकं गरगरलं होतं, तोंडाला पाणी सुटलं होतं, हातापायांना कापरं भरलं होतं, आणि ती अंगणात जाऊन भडाभडा ओकली होती. आई काम न थांबवता म्हणाली होती, "चढली. उतरेल." विड्या वळणाऱ्या प्रत्येक पोरीला पहिल्या दिवशी तंबाखू चढते. पण ती बारा वर्षांची होती. हे तर तळहाताएवढं.

तिनं बुज्जीला उचललं आणि पायात चपला न घालता धावत सुटली. पाण्याच्या टाकीपाशी जनावरांचं केंद्र होतं, तिथं श्रीशैलम नावाचा गोपाळमित्र, म्हणजे गुराढोरांना सुया-औषधं देणारा, बारापर्यंत बसायचा. वाटेत बालमणी आडवी आलीच.

"अगं वदिना, काय झालं?"

"तंबाखूच्या पाण्यानं धुतली. चढली तिला."

बालमणीनं गुंडाळीत डोकावून बघितलं आणि आवाज उतरवला. "हे बघ, कुणाला बोलू नकोस. तुझा नवरा जीव टाकतो हिच्यावर. पिसवांनी झटके आले म्हण. मांजराला काय, कशानंही काहीही होतं."

सत्तव्वा पुढं पळाली. पण शब्द कानात शिरले ते शिरलेच.

श्रीशैलम मोटरसायकलला किक मारत होता. वय तिशीचं, अंगानं दांडगा, सगळा जन्म म्हशींच्या शेपटीमागं गेलेला. "अक्का, मांजर?" तो म्हणाला. "माझी सुई बघितलीस का केवढी असते?" पण गुंडाळी उघडल्यावर त्यानं मोटरसायकल बंद केली. बुज्जीचा ओठ अंगठ्यानं वर उचलला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

"रक्तच नाही हिच्यात. सगळं पिसवांनी प्यायलं. पोटात काही गेलं का? काही लावलं?"

"नाही," सत्तव्वा म्हणाली.

बोलून गेली आणि मग तिला कळलं की आपण काय बोललो. श्रीशैलम कपाट उघडून रक्तवाढीची बाटली शोधायला लागला. "मग अशक्तपणाच," तो आपल्याशीच पुटपुटला. टेबलावर बुज्जीचे पाय ताठ झाले आणि मान मागं वळली. सत्तव्वाला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम दिसल्या. गप्प राहिले तर नवऱ्याच्या नजरेतून उतरणार नाही. आणि गप्प राहिले तर हा भलतंच औषध देणार.

"तंबाखू," ती ओरडली. "तंबाखूचं पाणी. मीच अंघोळ घातली. आणि तिनं चाटलं."

"मघाशी का नाही सांगितलंस?" श्रीशैलमनं बाटली खाली आदळली. "तंबाखू कातडीतून जाते, बाई! अजून अंगावर आहे तिच्या! तो साबण आण. तो नव्हे, भांड्याचा, पातळ. आणि स्टोव्हवर पाणी ठेव, कोमट."

त्यानं मेटपल्लीच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावून कपाटावर उभा केला. फोनमधून आवाज सांगत होता आणि दोघं तसं करत होती. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब. डोळे, कान, नाक सांभाळून सगळं अंग धुवायचं. पाणी टाकायचं, परत धुवायचं. बादलीतलं पहिलं पाणी पिवळं निघालं, दुसरं कमी पिवळं, तिसरं स्वच्छ. चाटू देऊ नका, आवाज म्हणाला. ओकवायला जाऊ नका. कोरडी करा, गरम ठेवा. श्रीशैलमनं एका बाटलीत ऊन पाणी भरलं, फडक्यात गुंडाळलं आणि बुज्जीच्या पाठीशी ठेवलं. मग डॉक्टरनं सांगितलेलं इंजेक्शन काढलं, नळीवरची रेघ उजेडाकडं धरून दोनदा वाचली आणि चिमटीत मावेल एवढ्या कातडीखाली दिलं. म्हशीच्या माणसाचे हात घामानं निथळत होते.

मधे एका म्हशीवाल्याचा फोन आला. "तुझी म्हैस संध्याकाळपर्यंत कुठं जात नाही," श्रीशैलम त्याच्यावर खेकसला. "इथं पाव किलोचं जनावर जायला निघालंय." सत्तव्वा भिंतीशी बसून राहिली. तिच्या तळव्यांना काटे रुतले होते ते तिला आत्ता कळलं. देवाला काही बोलावं असं वाटलं, पण तोंडात एकच वाक्य येत होतं: माझ्या हातानं नको.

थरथर कमी झाली. मग बराच वेळ काहीच नाही. मग बुज्जीनं मान उचलली, बाटलीच्या उबेकडं सरकली आणि बारीक आवाजात म्याव केलं. श्रीशैलम मटकन स्टुलावर बसला.

एवढ्यात दोनच्या बसचा हॉर्न वाजला आणि पाठोपाठ राजलिंगम दारात उभा. धावत आला होता. "बालमणी म्हणाली स्टँडवर," त्याला दम लागला होता. "पिसवांनी झटके आले म्हणे."

श्रीशैलमनं सत्तव्वाकडं बघितलं, आणि मान खाली घालून नळी पुसायला लागला. भला माणूस होता. गप्प राहायला तयार होता. बालमणीनं खोटं बोलून ठेवलं होतं, सत्तव्वाला आता बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

"पिसवांनी नाही," ती म्हणाली. "मी केलं. तुम्ही गेल्यावर तंबाखूचं पाणी उकळून धुतली. तुम्ही याल तेव्हा स्वच्छ दिसावी म्हणून. यानं आधी विचारलं तेव्हाही मी नाही म्हणाले. तेवढा वेळ माझ्यामुळं गेला."

राजलिंगम टेबलापाशी गेला. बुज्जीच्या कपाळावर वाकडं बोट ठेवलं. तिला त्याची पाठच दिसत होती. सत्तव्वानं ठरवलं, ओरडला तर ऐकून घ्यायचं. नाही ओरडला, पुन्हा गप्पच बसला, तर काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. ओरडला तर बरं, असं तिला मनापासून वाटलं.

त्यानं खिशातून एक डबी काढून श्रीशैलमपुढं धरली. "हे आणलंय. संध्याकाळी लावू का? का उद्या?"

श्रीशैलमनं डबी फिरवून वाचली. तिच्यावर लांब केसांचा कुत्रा होता. "मामा, दुकानात मांजर आहे म्हणून सांगितलंत का?"

"सांगितलं. म्हणाला, कुत्र्याची पावडर मांजराला चालते. थोडी कमी लावा."

"कुत्र्याला चालते ती मांजराला मारते," श्रीशैलम म्हणाला. "आणि एवढ्या लहान पिल्लाला तर मांजराचं औषधसुद्धा लावत नाहीत. मोठी होऊ दे, वजन भरू दे, मग डॉक्टर देईल. ही पावडर आज लावली असतीत तर सकाळी खड्डा खणावा लागला असता."

बाहेर टाकीचं पाणी भरून वाहत होतं. राजलिंगमनं डबी परत घेतली, तिच्यावरच्या कुत्र्याकडं बघितलं आणि मग वळून सत्तव्वाकडं बघितलं. नीट, तोंडाकडं.

"बघ," तो म्हणाला. "तू सकाळी केलं नसतंस, तर मी संध्याकाळी केलं असतं."

सत्तव्वाला चांगलंच रडू फुटलं. तो जवळ वगैरे आला नाही, त्या गावात चारचौघांत तसं कुणी करत नाही. पण तिच्या पायांकडं त्याचं लक्ष गेलं, त्यानं आपल्या चपला काढल्या आणि तिच्यापुढं सरकवल्या. ती त्याच्या मोठ्या चपला फटफटवत आणि तो अनवाणी, बुज्जी त्याच्या सदऱ्याच्या आत, अशी वरात घरी गेली. बालमणीनं दारात उभं राहून सगळं बघितलं.

दुसऱ्या दिवशी श्रीशैलमनं येऊन पुढचं समजावलं. आठवड्यानं, हिला हुशारी आली की, एकदा साबणाची अंघोळ. आधी मानेभोवती फेसाचं कडं करायचं, नाहीतर पिसवा पळून डोक्यावर चढतात. झटपट धुवायचं, लगेच कोरडं करायचं. बाकी रोज फणी. आपली उवांची, बारीक दातांची. निघालेली पिसू नखानं चिरडत बसू नका, साबणाच्या पाण्यात टाका, बुडते. गोणपाटं उकळत्या पाण्यात घाला, कोपरे रोज झाडा. "अंडी असतात, मामा. महिनाभर नव्या निघत राहतील. कंटाळलात की संपलं." मग त्यानं बुज्जीच्या केसांतला काळा कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून दाखवला. कणाभोवती लाल डाग पसरला. "हे तिचंच रक्त. पिसवांच्या पोटातून आलेलं." राजलिंगम त्या डागाकडं बघत राहिला.

दुपारी फणी घेऊन तो ओट्यावर बसला खरा, पण वाकड्या बोटांना फणीचं टोक आवरेना. दोनदा बुज्जी ओरडली. सत्तव्वा आतून बघत होती. दिवसाउजेडी हातातलं सूप खाली ठेवायची तिला सवय नव्हती. पंचवीस वर्षांत दुपारचं सूप तिनं फक्त बाळंतपणात आणि लेकीच्या लग्नात खाली ठेवलं होतं. तिनं ते ठेवलं आणि बाहेर आली.

"द्या इकडं."

"हात," तो म्हणाला.

तिनं हातांकडं बघितलं. बोटांची टोकं तंबाखूनं तपकिरी झालेली. तिचा चेहरा उतरला. तो उठला, आतून तांब्या आणि साबण घेऊन आला आणि अंगणाच्या कडेला उभा राहिला. "धर. घालतो पाणी." तिनं हात धुतले. "अजून एकदा," तो म्हणाला. तिनं पुन्हा धुतले. तो बारीक धार धरून उभा होता, आणि पाणी तिच्या पायांवर उडू नये म्हणून वाकला होता. लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी तिच्या हातावर पाणी घालत होतं.

मग रोज दुपारी तसंच. त्यानं बुज्जीला मांडीवर चारी पाय सांभाळून धरायचं, तिनं गुडघ्याला गुडघा लावून समोर बसायचं आणि मानेपासून शेपटीपर्यंत फणी ओढायची. हजारो विड्यांची तोंडं मिटून सरावलेली तिची बोटं, पिसू उडी मारायच्या आत चिमटीत यायची. साबणाच्या पाण्याची वाटी दोघांच्या मधे. तंबाखूचं सूप आता आतल्या खोलीत, झाकलेलं, दार लावून. विड्या कमी व्हायला लागल्या. विडी कारखान्याच्या माणसानं कुरकुर केली, ती तिनं हसण्यावारी नेली.

तो अजून बुज्जीशीच बोलायचा. "सहा निघाल्या बघ आज, बुज्जी." पण आता उत्तर सत्तव्वा द्यायची. "सहा कुठल्या, आठ." एका दुपारी फणी पुसता पुसता तिनं विचारलं, "दवाखान्यात अकरा दिवस होतात, तेव्हा तुमच्याजवळ कुणी होतं का?"

त्याचे हात थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"बुज्जीनं."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग दाराकडं बघितलं, आतल्या खोलीकडं, जिथून ओट्यावरचं सगळं ऐकू येतं. त्याच्या चेहऱ्यावर आधी शरम आली, मग हसू. "कुणी नव्हतं," तो म्हणाला. "शुक्रवारी फोन करावा म्हटलं, पण आवाज फुटेना. तू घाबरली असतीस." आणि मग तो सांगत राहिला, मान खाली घालून, बुज्जीची पाठ खाजवत. वाटीतलं पाणी गार झालं तरी ती उठली नाही.

पाचव्या आठवड्यात फणी कोरडी निघायला लागली. बुज्जीच्या हिरड्या गुलाबी झाल्या. ती गोणपाटांवर चढायची, चुलीमागं उंदराच्या वासावर दबा धरायची, सत्तव्वाच्या पदराचं टोक पकडून लोंबकळायची. सलग तीन दिवस फणीला एकही पिसू आली नाही, काळा कणही नाही. "संपल्या," सत्तव्वा म्हणाली. तिनं फणी धुऊन, पुसून कोनाड्यात ठेवली. "झालं," राजलिंगम म्हणाला.

दुसऱ्या दुपारी ती सूप घेऊन आतल्या खोलीत बसली. पानांचा ढीग साठला होता, कारखान्याचा माणूस दोनदा येऊन गेला होता. ओट्यावर आवाज नव्हता. तिनं कात्री थांबवून कानोसा घेतला. काहीच नाही. एवढंच होतं तर, तिच्या मनात आलं. पिसवा होत्या तोवर.

दार उघडलं. राजलिंगम उभा होता, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात बुज्जी. बुज्जी झोपेतून उठवल्यामुळं चिडलेली होती.

"हात धू," तो म्हणाला. "एक दिसली मला."

ती अंगणात गेली, हात धुतले, पुन्हा धुतले. समोर बसून तिनं मानेवरचे केस फुंकले, पोट बघितलं, शेपटीचं बूड बघितलं, चारी पायांच्या बेचक्या बघितल्या. बुज्जी आरशासारखी स्वच्छ होती.

"कुठं आहे?" तिनं विचारलं.

"इथंच होती," तो म्हणाला. त्याचं लक्ष बुज्जीच्या कानाकडं होतं. "उडी मारून गेली असेल."

सत्तव्वानं त्याच्या वाकड्या बोटांकडं बघितलं. पिल्लाला सांभाळून धरलेली, हलत नसलेली. मग ती उठून आत गेली, सुपावर झाकण टाकलं आणि कोनाड्यातली फणी घेऊन आली.

"शोधायला वेळ लागेल," ती म्हणाली.

"लागू दे," तो म्हणाला.